येते, पण बोलवत नाही

‘मला बोलता येते’ आणि ‘मला बोलवते’ हे मराठीतले दोन निराळे प्रयोग आहेत. पहिल्यात ज्ञान आहे. दुसऱ्यात त्या घटकेची मनाची तयारी आहे. दुःखाने कंठ दाटलेल्या माणसास बोलता येते, पण बोलवत नाही. विद्यापीठात परकी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था पुष्कळदा अशीच असते. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा तरुण वर्गात चार वाक्ये बोलावयाची वेळ आली की मान खाली घालतो. त्याला मठ्ठ किंवा आळशी ठरवून आपण मोकळे होतो. हा निवाडा घाईचा आहे, एवढेच आम्हांस येथे दाखवावयाचे आहे.

याचे ठळक उदाहरण जपानचे. तेथील मुले शाळेत कित्येक वर्षे इंग्रजी शिकून विद्यापीठात येतात; प्रवेशपरीक्षेसाठी त्यांनी व्याकरण आणि शब्द घोकून तयार केलेले असतात. जिम किंग या अभ्यासकाने तेथील ९ विद्यापीठांतील वर्गांचे एकूण ४८ तास निरीक्षण केले व त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनी आपणहून काढलेल्या बोलण्याचा वाटा शेकडा एकाहूनही कमी भरला. इतकी वर्षे शिकलेली भाषा गेली कोठे? ती डोक्यात होती. ओठांवर येत नव्हती.

ती का येत नाही, याचे एक उत्तर भीती हे आहे. १९८६ साली अमेरिकेत इलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गात वाटणारी भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. ही भीती इतर विषयांच्या भीतीहून वेगळ्या जातीची आहे, असे त्यांचे म्हणणे. इतिहासात सन चुकला तर माहिती उणी ठरते. परभाषेत मात्र विचार प्रौढाचे आणि वाणी बालकाची, अशी कुतरओढ होते. वीस वर्षांचा शहाणा मुलगा तीन वर्षांच्या पोरासारखा बोलू लागतो, आणि तेही बरोबरीच्या मुलामुलींदेखत! त्यापेक्षा गप्प बसणे त्याला अधिक अब्रूचे वाटते.

पण सारेच भीतीवर ढकलून चालणार नाही. १९९८ साली पीटर मॅकिंटायर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या प्रश्नाची सहा थरांची मांडणी केली. आपल्याकडील मडक्यांची उतरंड डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे ती सहज कळेल. तळाशी माणसाचा स्वभाव आणि दोन भाषिक समाजांचे परस्परसंबंध. त्यावर त्या भाषेची जाण आणि तिच्या लोकांविषयीचे मत. त्यावर शिकण्याची प्रेरणा व आत्मविश्वास. हे खालचे तीन थर जड, सावकाश बदलणारे. वरचे तीन त्या क्षणाचे: समोरच्या या माणसाशी बोलावेसे वाटणे आणि आत्ता जमेल असा धीर, त्यातून होणारी बोलण्याची तयारी, आणि अगदी माथ्यावर प्रत्यक्ष बोलणे. आपण परीक्षेत जे तपासतो ते बहुतेक एका मडक्यातले असते. बाकीची रिकामी असली तर शब्द बाहेर पडत नाही.

जपानच्याच तोमोको याशिमा यांनी २००२ साली आणखी एक गोष्ट दाखविली. ज्या विद्यार्थ्यांना बाहेरच्या जगाविषयी आणि परदेशी माणसांविषयी ओढ असते, त्यांच्यात शिकण्याची उमेद व बोलण्याची तयारी अधिक आढळते. हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. भाषा नुसती परीक्षेपुरती उरली की बोलावयास समोर माणूसच राहत नाही.

मग उपाय काय? स्वभाव बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. पण वरचे थर त्याच्या हाती आहेत. आधी शेजारच्याशी बोलू द्यावे, मग वर्गापुढे उभे करावे. वाक्य पुरे होईपर्यंत चूक दाखवू नये. आणि प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो यांना १९७० च्या दशकात अमेरिकेतील शाळांच्या विज्ञानाच्या वर्गांत असे दिसले की, शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरे लांबतात आणि गप्प मुलेही बोलू लागतात. विज्ञानाचे हे, तर परक्या शब्दांची जुळवाजुळव करणाऱ्याला अवधी किती हवा!

न्यायमूर्ती रानडे यांच्या नावाच्या पुण्यातील वास्तूत विद्यापीठाचे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी भाषांचे वर्ग भरत आले आहेत. पण हा प्रश्न तेवढ्यापुरता नाही. मराठी शाळेतून शिकून तालुक्याच्या गावाहून शहरात आलेली मुलगी महाविद्यालयात इंग्रजी बोलू पाहते, तेव्हा तिला हीच उतरंड रचावी लागते. तिच्या उच्चाराला मागल्या बाकावर कोणी हसले, तर ती पुढे बोलत नाही. बोलत नाही म्हणून सराव नाही, सराव नाही म्हणून धीर नाही, आणि पुढे मुलाखतीत उत्तर ठाऊक असूनही जागा दुसऱ्याला जाते.

बोलणाऱ्याची तयारी निम्मी ऐकणाऱ्यावर अवलंबून असते. आपल्या घरातला मुलगा वा मुलगी परकी भाषा अडखळत बोलू लागेल तेव्हा लगेच सुधारू नये, हसू तर मुळीच नये. क्षणभर थांबून पुढे काय म्हणायचे आहे ते विचारावे. व्याकरण गुरुजी शिकवतील. हा धीर मात्र तुम्हा-आम्हालाही देता येतो.