स्ट्रासबर्गचं न्यायालय नेमकं कुणाचं?

१४ जून २०२२. इंग्लंडमधल्या बॉस्कम डाउनच्या लष्करी तळावर रवांडाला जाणारं विमान उभं होतं. आश्रय मागायला ब्रिटनमध्ये आलेल्यांना थेट आफ्रिकेत पाठवायचं, त्यांच्या अर्जांचा निकाल तिथेच लागेल, अशी ब्रिटिश सरकारची योजना होती. उड्डाणाला थोडाच वेळ उरला असताना फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गहून एका इराकी माणसाच्या बाबतीत अंतरिम आदेश आला. त्या आधारावर बाकीच्यांच्या वकिलांनी धावपळ केली आणि त्या रात्री विमान उडालंच नाही. मग एकच ओरड सुरू झाली: आपण युरोपातून बाहेर पडलोय ना, मग हे न्यायालय मध्ये कसं कडमडतं?

ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडला तो युरोपीय महासंघातून. स्ट्रासबर्गचं मानवी हक्क न्यायालय महासंघाचं नाहीच. ते आहे कौन्सिल ऑफ युरोप या निराळ्या संघटनेचं. ५ मे १९४९ रोजी लंडनमध्ये दहा देशांनी ती स्थापन केली आणि आज तिचे ४६ सदस्य आहेत. महासंघाचे सत्तावीस देश त्यात आहेतच, शिवाय ब्रिटन, तुर्की, युक्रेन, नॉर्वे, स्वित्झर्लंडही आहेत. महासंघाचं स्वतःचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे.

गोंधळ होतो यात लोकांचा फारसा दोष नाही. निळ्या कापडावरच्या बारा ताऱ्यांचा झेंडा मूळचा कौन्सिलचा, १९५५ सालचा. आजच्या महासंघाने, म्हणजे तेव्हाच्या युरोपीय समुदायाने, तो ऐंशीच्या दशकात उचलला. भरीस भर म्हणून महासंघाच्या संसदेची अधिवेशनंही स्ट्रासबर्गलाच भरतात. गंमत म्हणजे स्ट्रासबर्गचं न्यायालय ज्याच्या आधारे चालतं तो, सगळ्या सदस्य देशांनी मान्य केलेला मानवी हक्कांचा करार खुद्द महासंघाला अजून लागू नाही. त्याने त्यात सामील व्हावं, असं लिस्बन करार २००९ पासून सांगतो. पण २०१४ मध्ये त्यासाठीचा मसुदा अडवला तो महासंघाच्याच लक्झेंबर्गच्या न्यायालयाने.

ब्रिटनमध्ये आणखी एक लाडका समज आहे, की हा करार परक्यांनी आमच्या माथी मारला. तो घडवणाऱ्यांत डेव्हिड मॅक्सवेल फाइफ आघाडीवर होते. ते हुजूर पक्षाचे खासदार आणि न्यूरेम्बर्गच्या खटल्यात नाझी नेता गोअरिंगची उलटतपासणी घेणारे वकील. ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोममध्ये करारावर सह्या झाल्या आणि १९५१ मध्ये त्याला सगळ्यात आधी मंजुरी दिली ती ब्रिटननेच. ज्या फ्रान्सच्या भूमीवर न्यायालय बसतं त्याला मात्र मंजुरी द्यायला १९७४ उजाडलं! न्यायाधीशही प्रत्येक सदस्य देशाचा एक असतो. देश तीन नावं सुचवतो आणि त्यातून निवड करते सदस्य देशांच्या खासदारांची सभा. मुदत नऊ वर्षांची, ती पुन्हा मिळत नाही.

आपल्याकडे वेगळाच समज आढळतो: हे हक्क गोऱ्यांचे, फार तर युरोपीय नागरिकांचे. करार नागरिकत्व विचारत नाही. सदस्य देशाच्या अधिकारकक्षेत असलेल्या कुणालाही तो लागू होतो, म्हणजे म्युनिकमध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थिनीलाही. भारतीयांना जवळचं उदाहरण करमजितसिंग चहल यांचं. पंजाबातून ब्रिटनमध्ये गेलेल्या आणि खलिस्तानी चळवळीशी जोडल्या गेलेल्या या माणसाला ऑगस्ट १९९० मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन हद्दपारीसाठी ताब्यात घेतलं. बेडफर्डच्या तुरुंगात त्याची सहा वर्षं गेली. त्याच्याविरुद्ध नेमका पुरावा काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही. हद्दपारीच्या निर्णयावर मत देणाऱ्या सल्लागार मंडळापुढे वकील नेण्याचीही मुभा नव्हती. त्याला योग्य वागणूक मिळेल, असं आश्वासन भारत सरकारने दिलं होतं. न्यायालयाने त्या आश्वासनाच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली नाही. पण त्या वर्षांतल्या पंजाब पोलिसांचा कारभार पाहता छळाचा धोका खरा आहे, असं १५ नोव्हेंबर १९९६ रोजी बारा विरुद्ध सात मतांनी ठरवलं. त्याच दिवशी चहल सुटले.

हा निकाल आपल्याकडे अनेकांना बोचला, आजही बोचेल. पण चहल दोषी की निर्दोष हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. छळाची शक्यता असेल तिथे कुणालाही धाडायचं नाही, मग माणूस कितीही धोकादायक असो, एवढंच ते म्हणालं. मला ही भूमिका पटते, कारण छळाला एक अपवाद केला की पुढचे अपवाद मागणाऱ्यांची रांगच लागते. पुढच्याच वर्षी ब्रिटनने गुप्त पुराव्यांच्या अशा प्रकरणांसाठी वेगळा आयोग नेमण्याचा कायदा केला.

स्ट्रासबर्गचं न्यायालय म्हणजे वरचं अपील न्यायालय असं समजून अर्ज करणारेही खूप. देशातल्या सगळ्या पायऱ्या आधी चढाव्या लागतात, शेवटच्या निकालानंतर चार महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि बहुतेक अर्ज उंबरठ्यावरच फेटाळले जातात.

निकालाला विचारतो कोण, या प्रश्नात मात्र तथ्य आहे. न्यायालयाकडे पोलीस नाहीत. अंमलबजावणीवर देखरेख करते ती सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती, आणि तिचं शस्त्र म्हणजे चिकाटी. अझरबैजानचे विरोधी नेते इल्गार मामादोव्ह २०१८ मध्ये सुटले, पण न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिल्यावर चार वर्षांनी, समितीने करारभंगाची कारवाई सुरू केल्यावर. तुर्कीत तुरुंगात असलेले नागरी हक्क कार्यकर्ते उस्मान कवाला यांना सोडा, असा निकाल २०१९ मध्ये लागला. तुर्कीने २०२२ मध्ये उलट जन्मठेप ठोठावली. रशियाला तर युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये कौन्सिलमधून काढूनच टाकलं. तिथल्या सामान्य माणसांचं एक दारही त्यासोबत बंद झालं, याची चर्चा कमी होते.

आणि युरोपाबाहेर या निकालांना कुणी हिंग लावून विचारत नाही, हेही खरं नाही. बेलफास्टमधल्या जहाज कंपनीतले कारकून जेफ्री डजन यांच्या घरी जानेवारी १९७६ मध्ये पोलीस आले ते अमली पदार्थ शोधायला. हाती लागल्या खासगी चिठ्ठ्या आणि रोजनिशी. मग समलिंगी संबंधांबद्दल त्यांची चौकीत साडेचार तास चौकशी झाली. त्यासाठीचे कायदे होते १८६१ आणि १८८५ चे. न्यायालयाने १९८१ मध्ये डजन यांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी उत्तर आयर्लंडमधला कायदा बदलला. भारताला हा निकाल मुळीच बंधनकारक नव्हता. तरी त्या जुन्या कायद्यांच्याच काळात, १८६० मध्ये, इंग्रजांनी इथे आणलेल्या कलम ३७७ चा विचार करताना २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कारकुनाच्या खटल्याचा दाखला दिला.