बॉनेटखालची बढाई

गाडीचं अॅव्हरेज वाढवून देणाऱ्या वस्तूंना बाजारात तोटा नाही. पेट्रोलच्या नळीवर बसवायचं चुंबक, स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची चिप, हवेच्या नळीतला पत्र्याचा पंखा, पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनाला पाजणारी बाटली, ऑइलमध्ये ओतायचं औषध. किंमत काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत काहीही असो, वचन साधारण एकच: इंधन वाचेल आणि वर पिकअपही वाढेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७०च्या दशकापासून अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. लक्षणीय बचत करणारं एकही सापडलं नाही, उलट काहींनी धूर वाढवला. ऑइलमधल्या औषधांचीही तीच कथा. ‘स्लिक ५०’ हे अमेरिकेतलं प्रचंड खपाचं औषध इंजिनाची झीज कमी करतं, हा दावा सिद्ध करता येत नाही म्हणून तिथल्या व्यापार आयोगाने १९९६ मध्ये कंपनीवर कारवाई केली आणि पुढच्या वर्षी कंपनीने तडजोड केली.

या जाहिरातींच्या मुळाशी एक समजूत असते. सिलिंडरमधलं बरंच पेट्रोल न जळताच धुरातून जातं, ते नीट जळलं की अॅव्हरेज वाढेल. चोक ओढून गाडी सुरू करायच्या कार्ब्युरेटरच्या दिवसांत यात थोडं तथ्य होतं. आजच्या इंजिनात ९७-९८ टक्के इंधन सिलिंडरमध्येच जळतं आणि उरलेल्याचा निकाल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावतो. म्हणजे ज्वलन अगदी परिपूर्ण झालं, तरी वाचण्यासारखे दोन-तीन टक्केच आहेत. खरी गळती आहे ती उष्णतेची. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी १२ ते ३० टक्के चाकांपर्यंत पोहोचते. उरलेल्या ऊर्जेतली बहुतेक रेडिएटरमधून आणि धुराबरोबर निघून जाते. तिथे चुंबकाचं काहीच चालत नाही. पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो, त्याचे रेणू त्यामुळे ‘सुटे’ होत नाहीत. पाण्याच्या बाटलीची गोष्ट तर व्यवहाराच्या साध्या हिशेबातही बसत नाही. पाणी फोडायला लागणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोल पितं. प्रत्येक टप्प्यावरची तूट धरली, तर शंभर रुपयांच्या पेट्रोलमागे जेमतेम दहा रुपयांच्या ऊर्जेचा हायड्रोजन हाती लागतो, आणि तोही पुन्हा त्याच इंजिनात जाळायचा असतो. सॉकेटमधली चिप ‘तुमची ड्रायव्हिंगची सवय शिकते’ म्हणतात. क्वार्क्सलॅब या फ्रेंच कंपनीच्या तंत्रज्ञांनी अशीच एक चिप उघडली, तेव्हा ती गाडीच्या संगणकाला एकही संदेश पाठवत नव्हती. दिवे मात्र छान लुकलुकत होते.

हवेचा मामला जास्त फसवा आहे, कारण मेकॅनिकलाही तो मनापासून पटलेला असतो. ‘गाडी मोकळा श्वास घेते’ म्हणून महागडा कापडी फिल्टर किंवा थंड हवा ओढणारी मोठी नळी बसवली जाते. आता पेट्रोलच्या इंजिनाला एक ग्रॅम पेट्रोलमागे साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर सतत खबर देत राहतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतो. हवा जास्त आली, तर पेट्रोलही जास्त पडतं. शिवाय रोजच्या चालवण्यात हवेची वाट अडवतो तो फिल्टर नव्हे, आपलाच पाय. अॅक्सिलरेटर अर्धवट दाबला असताना थ्रॉटलची झडप मुद्दामच अर्धी मिटलेली असते. तिच्या अलीकडे फिल्टर कितीही मोकळा असला, तरी फरक पडणार कुठून? अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये याच्या उलट बाजूने परीक्षा घेतली. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांना मुद्दाम चोंदलेले फिल्टर लावले. पळ मंदावला, अॅव्हरेज मात्र जवळपास तेवढंच राहिलं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचं तेवढं थोडं घसरलं. म्हणजे पूर्ण दाबून पळवायची हौस असेल तरच मोकळ्या फिल्टरचा काही लाभ, आणि त्याचं मोलही चुकवावं लागतं. विरळ जाळीतून आपल्याकडची बारीक धूळ आत जाते, कापडी फिल्टरचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर चढतं. बंपरजवळ खाली उतरवलेली नळी मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे नुकसान भरून मिळवताना वाद होतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘बसवल्यावर दोन किलोमीटर जास्त मिळाले’. असं म्हणणारा खोटं बोलत असेलच असं नाही. पंपावरचं पिस्तूल कधी आधी सुटतं, कधी नंतर; महामार्गाची एक फेरी महिन्याची सरासरी बदलते; पाच हजार मोजलेला माणूस पुढचे पंधरा दिवस पाय जरा हलकाच ठेवतो. बहुतेक वेळा यंत्र सर्व्हिसिंगच्या वेळी बसवलं जातं आणि टायरमध्ये तेव्हाच हवाही भरली जाते. चारही टायरमध्ये दहा पीएसआय हवा कमी असेल, तर नुसत्या तेवढ्यानेच सुमारे दोन टक्के इंधन जास्त लागतं. खरी परीक्षा घ्यायची तर उपकरण बसवून, मग काढून, मग पुन्हा बसवून त्याच रस्त्यावर मोजायला हवं, आणि ते चालू आहे की बंद, हे चालवणाऱ्याला कळता कामा नये. विक्रेता यासाठी उपकरण उधार देईल का, हे विचारून पाहावं.

दुसरा आक्षेप संशयाचा आहे. कंपन्या आणि तेलवाले मिळालेले असतात, म्हणून असे शोध दडपले जातात. इथे भारतातला कायदाच उलट साक्ष देतो. २०१७-१८ पासून प्रत्येक कार कंपनीला विकलेल्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी गाड्यांच्या वजनानुसार ठरणाऱ्या मर्यादेत ठेवावी लागते; साऱ्या उद्योगासाठी ही मर्यादा आधी किलोमीटरला साधारण १३० ग्रॅम होती, २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमवर आली. एकेक ग्रॅम खाली आणायला कंपन्या हलका पत्रा वापरतात, जास्तीची बॅटरी बसवतात, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करतात. हजार रुपयांच्या चुंबकाने वीस टक्के मिळत असते, तर ते शोरूममधूनच बसून आलं असतं.

मग घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, पण ते फुकटात काही देण्याचं नाव घेत नाही. टर्बो डिझेलचं रिमॅपिंग, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं, खरोखर ताकद वाढवतं, कारण टर्बोचा दाब आणि डिझेलचं माप सॉफ्टवेअरच्या हातात असतं. ‘कंपनीने मुद्दाम दाबून ठेवलेली ताकद आम्ही मोकळी करतो’ हे रिमॅपिंगवाल्यांचं म्हणणं काही गाड्यांबाबत खरंही असेल. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन मात्र वेगळं सांगतं. स्विफ्टमध्ये त्याची ताकद ७५ पीएस होती, अर्टिगात ९०, पण ९० वाल्याचा टर्बोच निराळा, पाती वळवणारा होता. जी ताकद दाबून ठेवलेली म्हणतात ती बऱ्याचदा राखीव असते. विदर्भातला उन्हाळा, लडाखची विरळ हवा, भेसळीचं डिझेल आणि मालकाने चुकवलेली सर्व्हिसिंग या सगळ्यांसाठी ती ठेवलेली असते. ती वापरली की क्लच, टर्बो आणि वॉरंटी पणाला लागतात. घाट चढताना मजा येते, हेही खरं. ती मजाच विकत घ्यायची असेल तर घ्यावी, पण बचत म्हणून नव्हे. कायदाही ध्यानात ठेवावा. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

राहता राहिलं सीएनजी किट. बाहेरून बसवायच्या साऱ्या जोडण्यांत खर्च भरून काढणारी हीच एक, कारण ती इंजिनाला शहाणपण शिकवत बसत नाही, सरळ स्वस्त इंधनावर चालवते. मान्यताप्राप्त किट बसवून आरसीवर नोंद केली की ते कायदेशीरही असतं. त्याबदल्यात डिकी जाते, पिकअप थोडा मरतो, पंपावर रांग लावावी लागते आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची दाब-तपासणी करून घ्यावी लागते. रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्याला पन्नास-साठ हजारांचं किट वर्षाभरात फिटतं. महिन्याला चारशे किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे वसूल व्हायच्या आत बहुधा त्या तपासणीची तारीख येते.