पळसदेव

पळसदेव : पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे ऐतिहासिक गाव. हे पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण व इंदापूर यांच्या दरम्यान आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाखाली जुने गाव पळसनाथाच्या मध्ययुगीन मंदिरासह गेले. ग्रामस्थांनी उंचावर नवी वसाहत केली.

तालुका अवर्षणप्रवण असून जलाशय मुख्यत्वे सह्याद्रीतील पावसाने भरतो. त्यामुळे शरद ऋतूत, हवा निवळून प्रवास सुखकर होतो, नेमके तेव्हाच पाणी सर्वांत वर असते व मंदिर बहुतांशी बुडालेले असते. प्रवाशास दिसते ते सागरासारखे विस्तीर्ण पाणी आणि मासेमारीच्या होड्या. सु. ११७ अब्ज घ. फुटांच्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. पातळी त्याच्याही बरीच खाली गेली, म्हणजेच मंदिर पूर्णपणे उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असे दिसले. अशा वेळी जुने रहिवासी दर्शनास येतात. मात्र तेव्हा उसाची शेते पाण्यावाचून सुकत असतात. वारंवार भिजण्या-सुकण्याने वास्तूची झीजही होते. मंदिराचे दर्शन व परिसराची सुबत्ता ही येथे सहसा एकत्र लाभत नाहीत.