१८ दिवस उभी असलेली गाडी

अलिबागजवळच्या नागावच्या पुळणीवर अंधार पडू लागला की एटीव्हीवाल्यांचा, म्हणजे पर्यटकांना वाळूत चारचाकी गाड्या फिरवायला देणाऱ्यांचा, धंदा आटोपतो आणि सुरूच्या बनामागे वेगळंच काम सुरू होतं. दिवसभर वाळूतून, लाटांच्या कडेकडेने पळवलेल्या गाड्या वाडीतल्या विहिरीपाशी आणतात आणि शेतावरून आलेले बैल धुवावेत तशा गोड्या पाण्याने, हाताने धुतात. बादली, तांब्या, जुनी चिंधी. शेजारीच पाण्याचा फवारा मारायचा विजेचा पंप होता, चांगला चालू स्थितीत, पण त्याला कोणी हात लावत नव्हतं. याचं कारण विचारायला मी थांबले आणि मग तिथल्या मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये जातच राहिले.

“पंपाचं पाणी जोरात बसलं की सीलच्या आत घुसतं, ताई,” मिस्त्री म्हणाले. “आत बेअरिंग असतं. खारं पाणी आणि वाळू ग्रीसमध्ये मिसळली की ते बेअरिंग गेलंच समजा. बादलीनं धुतलं तर वरचं मीठ निघतं, आतलं ग्रीस जागेवर राहतं.”

मिस्त्री पूर्वी रेवदंड्याच्या खाडीत मच्छीमार होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. खाऱ्या पाण्याने लोखंडाचं काय होतं हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. आता त्यांच्याकडे आसपासच्या चार-पाच मालकांच्या गाड्या येतात. छोट्या चिनी बनावटीच्या येतात, मोठ्या ऑटोमॅटिक येतात, कुणी मुंबईहून जुनी घेतलेलीही येते. कुठली बनावट टिकते आणि कुठली पटकन दुरुस्त होते, हे जाणून घ्यायला मला याहून चांगली जागा ठाऊक नाही. पुळण तीच, मीठ तेच, आणि चालवणारेही तेच, आयुष्यात पहिल्यांदा एटीव्हीवर बसलेले.

पण शेडमध्ये शिरताच लक्ष गेलं ते कोपऱ्यातल्या एका मोठ्या गाडीकडे. ताडपत्री टाकलेली, एका बाजूचं झाकण उघडं. “१८ दिवस झाले,” मिस्त्री म्हणाले. “नाताळची सुट्टी गेली, एकतीस डिसेंबर गेला. काम पाऊण तासाचं आहे.” बेल्ट जळला होता आणि नवा बेल्ट यायचा होता. झाकणाशी वाकले तेव्हा नाकात शिरला तो वास अजून आठवतो. जळक्या रबराचा, त्यात ब्रेकच्या धुळीसारखं काहीतरी कोरडं. पुढे कितीदा गेले तरी त्या कोपऱ्यात तो येतच राहिला.

बेल्ट का जळतो, हे मिस्त्रींनी हाताच्या दोन मुठी पुढे धरून दाखवलं. एक पुली इंजिनाकडे, एक चाकांकडे, मध्ये रबरी बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पहिली पुली आवळते आणि बेल्टला दोन्ही बाजूंनी पकडते. गिअर नाही, क्लच नाही, अंगठ्याने थ्रॉटल दाबायचा की गाडी निघाली. अडचण येते ती चाक ओल्या वाळूत रुतल्यावर. चाक हलत नाही, बसणारा घाबरून अंगठा आणखी दाबतो, पुली फिरत राहते आणि बेल्ट एकाच जागी घासला जातो. तेवढ्याच भागात तो बारीक होतो. पुढे कधीतरी, सपाट वाळूवर, काही कारण नसताना तुटतो. मालकाला वाटतं कंपनी खराब. मिस्त्री तुटलेला बेल्ट बोटांत फिरवून तो बारीक झालेला भाग शोधतात आणि ही गाडी कधीतरी रुतली होती हे सांगतात.

हा बेल्ट एटीव्हीत आला कुठून, हे पाहिलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. पोलॅरिस ही कंपनी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सुरू झाली आणि वाढली ती बर्फावरून पळणाऱ्या गाड्या बनवत. त्या गाड्या बेल्टवर चालत. १९८५ मध्ये तिने ट्रेल बॉस ही एटीव्ही काढली तेव्हा तोच बेल्ट तिच्यात आला, आणि नवशिक्यालाही सहज चालवता येईल अशी गाडी मिळाली. बर्फात बेल्ट आपोआप गार राहतो. नागावला एप्रिलच्या दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही, आणि झाकणाच्या आतला बेल्ट त्याहून कितीतरी तापतो. यामाहाने आपल्या ग्रिझलीमध्ये बेल्ट कायम ताणलेला राहील अशी रचना केली, म्हणजे घसरणं कमी. होंडाने रँचर आणि फोरमनमध्ये बेल्टच ठेवला नाही. तिथे तेलात बुडालेले गिअर आहेत आणि चाकांपर्यंत शाफ्ट जातो. इंजिनही असं बसवलं आहे की त्याचा मुख्य दांडा गाडीच्या लांबीला धरून फिरतो, त्यामुळे ताकद सरळ पुढेमागे जाते. शेतात, डोंगरात, दर वेळी तोच माणूस चालवणार असेल तर मी डोळे मिटून बिनबेल्टची गाडी सुचवेन. पण पुळणीवर दर दहा मिनिटांनी नवा माणूस बसतो आणि त्याला गिअर टाकायला शिकवायला कुणाला वेळ नाही. इथे ऑटोमॅटिकला पर्याय नाही, हे मिस्त्रीही मान्य करतात.

छोट्या चिनी गाड्यांबद्दल मी मनात फारसा आदर घेऊन गेले नव्हते. ११० आणि १२५ सीसीच्या या गाड्यांची बरीचशी इंजिनं होंडाच्या सुपर कबच्या घराण्यातली आहेत. सुपर कब १९५८ मध्ये आली आणि तिच्या आडव्या इंजिनाची नक्कल जगभर झाली. मागे एकच अखंड एक्सल, त्यावर चेन आणि स्प्रॉकेट. पोलाद हलकं, नटबोल्ट मऊ, वेल्डिंग बघवत नाही. तरी मिस्त्रींचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. “ही दर आठवड्याला काहीतरी मागते. पण मागते ते अलिबागला मिळतं. प्लग, केबल, चेन, जमलं तर कार्बोरेटरसुद्धा मोटरसायकलच्या दुकानातून आणून बसवतो. सकाळी बंद पडली तर दुपारी धंद्यावर.” मग कोपऱ्याकडे मान वळवून म्हणाले, “ही बघा, १८ दिवस.”

मिस्त्रींच्या लेखी गाडीची खरी परीक्षा मात्र बेअरिंगची असते. गाडी कुठल्याही कंपनीची असो, चाक उतरवलं की ते आधी बेअरिंगवरचा आकडा पुसून वाचतात. ६२०५ असेल तर त्यांचा चेहरा खुलतो. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचं माप निघतं, म्हणजे २५ मिलिमीटर. हा आकडा जगभर एकच, त्यामुळे मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात फोन करायचा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला घेऊन येतं. आकड्यापुढे टू-आर-एस हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. काही गाड्यांमध्ये मात्र कंपनीने स्वतःचाच वेगळा नमुना बसवलेला असतो, पूर्ण हबच बदलावा लागतो. त्यात ग्राहकाचा काय फायदा, हे मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नाही.

बऱ्याच मोठ्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत चारही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात. बसणाऱ्याच्या पाठीला त्याने मोठा आराम मिळतो. पण अशा गाडीला चार एक्सल आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना एक-एक रबरी बूट, म्हणजे आठ. एकाला चीर गेली की ग्रीस बाहेर, वाळू आत. रोज संध्याकाळी धुताना मिस्त्रींचा पोरगा हे आठही बूट बोटाने चाचपतो. दोन मिनिटं लागतात. एअर फिल्टरही तो रोज काढतो. स्पंजचा असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून परत बसवतो. कोरडा स्पंज बारीक वाळू अडवत नाही आणि ती आत गेली की पिस्टन झिजतो. बाकी तेल बदलणं, ब्रेक घासणं हे सगळीकडे सारखंच.

विश्वासार्हतेच्या गप्पा बहुतेक इंजिनावर येऊन थांबतात. या शेडमध्ये निव्वळ इंजिनाच्या दोषाने आलेली गाडी मला दिसली नाही. जे आलं ते मीठ, वाळू, रुतणं आणि न मिळणारा भाग यांमुळे. महागडी गाडी अधिक भक्कम असते, हे खरं आहे. दोन-दोन माणसं घेऊन हंगामभर पळण्याची ताकद छोट्या गाडीत नाही, तिची चौकट आधी वाकते. पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला भक्कमपणा उभ्या गाडीत नको असतो.

तो बेल्ट शेवटी आला. मिस्त्रींनी झाकणातली वाळू ब्रशने काढली, दोन्ही पुल्या कोरड्या कापडाने पुसल्या, बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेला धरून चढवला. खरंच पाऊण तास लागला. मालकाला त्यांनी एकच सांगितलं, दोन बेल्ट मागव आणि एक माझ्याकडे ठेव.

वाडीसाठी, शेतासाठी किंवा धंद्यासाठी एटीव्ही घेणार असाल तर शोरूममध्ये तीन गोष्टी करा. एअर फिल्टर आणि बेल्टचं झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा, किती पाने लागतात ते पाहा. चाकाच्या बेअरिंगचा आकडा लिहून घ्या. आणि बेल्ट आज मागितला तर हातात कधी पडेल, हे लेखी घ्या. ज्या कंपनीचं उत्तर तीन-चार दिवसांच्या आत असेल तिचीच गाडी घ्या, नाव कोणतंही असो.