रहाटगाडग्यातले आकडे

३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदले गेल्याची बातमी आपण वाचली असेल. तो दोष स्वयंचलित केंद्राच्या संवेदकाचा होता, असा खुलासा नंतर झाला. पण असा आकडा एकदा नोंदीत शिरला की आलेखावर सुळक्यासारखा उभा राहतो आणि बाकीचे दिवस त्याच्यापुढे सपाट दिसतात.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयाचे संगणकांचे जाळे सांभाळतो. आमच्याकडे मोजायची असते ती इंटरनेटच्या लाइनवरची ये-जा. राउटरमधला मोजक विजेच्या मीटरसारखा पुढे पुढे जातो. दर पाच मिनिटांनी रीडिंग घ्यायचे आणि आधीचे वजा करायचे. मात्र जुना ३२ बिटांचा मोजक ४,२९,४९,६७,२९६ ला शून्यावर येतो. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल, तर अवघ्या ३४ सेकंदांत! पाच मिनिटांत किती फेरे झाले, कोण सांगणार? म्हणून ६४ बिटांचा मोजक हवा.

१९९४ मध्ये टोबियास ओटिकर यांच्याकडे बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच लाइन होती. तिच्यावर नजर ठेवायला त्यांनी एमआरटीजी लिहिले आणि १९९९ मध्ये आरआरडीटूल आले. त्याची फाइल म्हणजे रहाटगाडगे. पोहरे ठरलेले, ते भरले की सर्वांत जुन्यावर नवे. त्यामुळे फाइल कधी वाढत नाही. फाइल बनवतानाच किमान व कमाल मर्यादा देता येते. बाहेरचा आकडा 'अज्ञात' धरला जातो. कमाल ५० ठेवली असती तर ५६ उमटलेच नसते. पण ४५ ठेवली, तर २३ मे २०१३ चे खरेखुरे ४७.९ अंशही पुसले जातील.

जुन्या नोंदी सरासरीत मिसळतात, हेही ध्यानात ठेवावे. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी आमची लाइन वीस मिनिटे बंद होती. कंपनीने वर्षाचा आलेख पुढे केला. त्यात दिवसाची सरासरी असते, वीस मिनिटे दिसणार कुठून? आमच्या पाच मिनिटांच्या नोंदीत ती स्पष्ट होती. तेव्हापासून मी बारीक नोंदींचे पोहरे वाढवून ठेवले आहेत.

हे सारे एका आज्ञेत बसते, ते लिनक्सचे पॅकेज बांधणाऱ्यांमुळे. कोणती फाइल कुठे जाईल, ती कोण लिहू शकेल, नवी आवृत्ती आली तर तुमची मांडणी कशी शाबूत राहील, हे तेच ठरवतात. आरआरडीटूल २००८ च्या १.३ आवृत्तीपासून अक्षरे पँगो व कैरो यांच्याकडून काढून घेते. सर्व्हरला पडदा नसतो, म्हणून बरेचदा फॉन्टही नसतो. मग आलेख येतो, पण अक्षरांच्या जागी चौकोन. यासाठी पॅकेजच्या गरजांच्या यादीत डेजावू फॉन्टची एक ओळ लिहिलेली असते. डेजावूत देवनागरी नाही. मराठी शीर्षक हवे असेल तर लोहित देवनागरीचे पॅकेज आपण वेगळे बसवायचे.