ई टीव्ही मराठीची 'कलर्स मराठी' कशी झाली?

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर-साकोलीकडच्या घरांत लागणारी 'कलर्स मराठी' मूळची हैदराबादची. रामोजी राव यांच्या समूहाने २००० साली ती 'ई टीव्ही मराठी' म्हणून सुरू केली. पुढे टीव्ही१८ या माध्यम कंपनीने ई टीव्हीच्या पाच प्रादेशिक मनोरंजन वाहिन्यांतला निम्मा हिस्सा घेतला आणि २०१५मध्ये या वाहिन्यांना 'कलर्स' हे नाव मिळालं. वाहिन्यांच्या अशा मोठ्या जाळ्यात एका कार्यक्रमाचा साचा अनेक भाषांत वापरता येतो, जाहिरातीही एकत्र विकता येतात. २०१८मधलं 'बिग बॉस मराठी' हे त्याचंच फळ. मालक कंपन्यांच्या २०२४मधल्या विलीनीकरणानंतर 'कलर्स मराठी' आणि 'स्टार प्रवाह' या दोन्ही वाहिन्या जिओस्टार या एकाच कंपनीकडे आहेत. वाढ खरी आहे. पण भंडाऱ्याच्या झाडीबोलीला आणि झाडीपट्टी रंगभूमीला या पडद्यावर हक्काची जागा मिळायलाच हवी.