कंपनीच्या आवारासाठीं भूसंपादन आणि शेतकऱ्याचें दप्तर

शहराची वस्ती वाढूं लागली कीं तिची पहिली झळ शिवेलगतच्या शेतांस लागते. पूर्वीं ती गिरण्या, रेल्वे व धरणें यांच्या रूपानें लागे. आतां संगणक कंपन्यांचीं विस्तीर्ण आवारें, गोदामें व विमानतळ यांच्या रूपानें लागते. असें आवार आपल्या गांवीं येणार अशी वदंता उठतांच चावडीवर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, मुलांस नोकऱ्या मिळतील. दुसरा म्हणतो, गेलेली काळी परत येत नाहीं. दोहोंचेंही म्हणणें निराधार नाहीं. परंतु या वादांत एक गोष्ट मागें पडते, ती ही कीं, मोबदला ठरतो तो पुष्कळ अंशीं कागदावरून. जें कागदावर नाहीं, तें शेतांत असूनही सिद्ध करणें कठीण होऊन बसतें. प्रस्तुत लेखकाची हयात महसुली दप्तरांत गेली असल्यामुळें याच एका गोष्टीचा विचार येथें करावयाचा आहे.

नागपूरकरांस याचें उदाहरण दूर शोधावयास नको. सोनेगांवच्या विमानतळालगत वर्धा मार्गावर ‘मिहान’ हा प्रकल्प उभारण्यासाठीं सन २००२ मध्यें महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगांव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगांव इत्यादि गांवांच्या जमिनी या प्रकल्पाच्या कक्षेंत आल्या. पुढें तेथें टाटा, एचसीएल, इन्फोसिस या संगणक कंपन्या आल्या. एम्स रुग्णालय व भारतीय व्यवस्थापन संस्थाही आली. कित्येकांस कामें लाभलीं, हें नाकारतां येत नाहीं. परंतु घेतलेल्या जमिनीपैकीं बरीच वर्षानुवर्षें पडीक राहिली, आणि दर, भूखंड व पुनर्वसन यांविषयींचीं गाऱ्हाणीं दीर्घकाळ चाललीं, हेंही तितकेंच खरें आहे.

त्या वेळचें बहुतेक संपादन १८९४ च्या जुन्या कायद्याखालीं झालें. त्यांत बाजारभावावर दिलासा रक्कम शेंकडा ३० असे. सन २०१३ चा नवा कायदा ता. १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला. त्यांत ती शेंकडा १०० झाली. शिवाय ग्रामीण भागांत बाजारभावास १ ते २ पर्यंतच्या गुणकानें गुणावयाचें असतें. खासगी कंपनीसाठीं संपादन असल्यास बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ८० ची, व सरकार आणि खासगी भांडवल यांच्या भागीदारीच्या प्रकल्पास शेंकडा ७० ची पूर्वसंमति लागते. मात्र औद्योगिक विकास महामंडळासाठीं होणारें संपादन १९६१ च्या स्वतंत्र अधिनियमानें होतें, आणि कांहीं प्रकल्पांस राज्याच्या दुरुस्तीनें सवलतीही दिल्या आहेत. यास्तव नोटीस हातीं येतांच प्रथम पाहावें तें हें कीं, ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखालीं आहे.

आतां दप्तराकडे वळूं. पहिली गोष्ट वारस नोंद. आजोबांच्या नांवावर राहिलेला सातबारा घेऊन चार भाऊ मोबदल्यास गेले, तर रक्कम वादांत अडकते व व्याज वकिलाच्या घरीं जातें. हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांच्या आंत पटवाऱ्यास कळवावें असा दंडक आहे. दुसरी गोष्ट पोटहिस्सा. धुरा घातला म्हणजे वाटणी झाली असें नव्हे. मोजणी होऊन फेरफार मंजूर झाला पाहिजे. तिसरी गोष्ट विहीर व झाडें. संत्र्याची बाग दहा वर्षें उभी आहे, परंतु सातबाऱ्यावर पड किंवा कापूस लिहिलेला आहे, असे प्रकार आपल्याकडे विरळा नाहींत. सन २०२१ पासून ई-पीक पाहणीनें आपलें पीक आपण स्वतः नोंदवूं शकतों. तेथें आळस करूं नये. झाडें, विहिरी व इमारती यांचें मूल्यांकन जमिनीहून निराळें होतें, म्हणून संयुक्त मोजणीच्या दिवशीं स्वतः हजर राहून प्रत्येक झाड मोजून घ्यावें.

हीं कामें प्राथमिक अधिसूचना निघण्यापूर्वीं करावयाचीं आहेत. ती निघाल्यावर जमिनीच्या व्यवहारांस बंदी येते व घाईनें केलेल्या नोंदींकडे संशयानें पाहिलें जातें.

एक दोष आपला आपणच निर्माण करतों. मुद्रांक वांचविण्यासाठीं खरेदीखतांत किंमत कमी लिहिण्याची चाल आहे. बाजारभाव ठरवितांना मागील तीन वर्षांच्या आसपासच्या खरेदीखतांतील अधिक किंमतीचा अर्धा भाग घेऊन सरासरी काढतात. ती सरासरी व मुद्रांकाचा सरकारी दर यांत जो अधिक तो धरतात. सरासरी हाच दर ठरला असतां तींत एकरीं एक लाखाची तूट पडली, तर दिलाशासह किमान दोन लाखांची तूट पडते, आणि ती एकट्याची नव्हे, साऱ्या गांवाची.

मुदतींविषयीं दक्ष राहावें. २०१३ च्या कायद्याखालीं अधिसूचनेवर ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी व पोंच घ्यावी. निवाड्याच्या वेळीं आपण हजर असल्यास वाढीव मोबदल्याचा अर्ज निवाड्यापासून सहा आठवड्यांत करावा लागतो. रक्कम घेतांना ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारली’ असें लिहिल्यावांचून सही करूं नये. तसें न लिहिल्यास पुढें दाद मागण्याचा मार्ग बंद होतो.

नोकरीच्या आश्वासनासही हाच न्याय. प्रकल्पांत नोकऱ्या निर्माण होत असल्यास एक नोकरी, किंवा एकरकमी पांच लाख रुपये, किंवा वीस वर्षें दरमहा किमान दोन हजार, यांतून निवड करण्याचा हक्क २०१३ चा कायदा बाधित कुटुंबास देतो. सभेंतील भाषणावर विसंबूं नये. पुनर्वसनाच्या निवाड्यांत आपलें नांव आहे कीं नाहीं तें पाहावें. तीन वर्षें आपल्या शेतावर राबून पोट भरणारा सालदारही या कायद्यानें बाधित ठरतो. त्याचें नांव सातबाऱ्यावर कधींच नसतें. तें यादींत घालविणें हें मालकाचें कर्तव्य आहे.

रायगड जिल्ह्यांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रश्न निघाला, तेव्हां पेणकडील शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांत असल्याची सरकारी नोंद पुढें केली. ता. २१ सप्टेंबर २००८ रोजीं २२ गांवांत मतदान झालें, व तें संपादन पुढें तडीस गेलें नाहीं. तेथें गांवाची एकजूट होती, आणि त्या एकजुटीच्या हातीं कागदही होता.

जमीन द्यावी कीं न द्यावी हें ज्यानें त्यानें व ज्या त्या गांवानें ठरवावें. परंतु ठरविण्याचें सामर्थ्य टिकवावयाचें असेल, तर नोटिशीची वाट न पाहतां येत्या पंधरवड्यांत आपला सातबारा, आठ-अ व फेरफार काढून तो घरांतील मंडळींसमोर वाचावा, आणि चूक दिसल्यास पटवाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोंच जपून ठेवावी.